चित्रांतून वळण

गोष्ट सांगून मुलांना वळण लावण्याची आपली चाल फार जुनी आहे. ती गोष्ट छापून त्यांच्या हाती देण्याचा मराठीतला इतिहास मात्र अवघा दोनशे वर्षांचा. तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ निघाले. त्याचे मूळ फ्रेंच, आणि ते इंग्रजीवाटे मराठीत आले.

त्याच शतकात जर्मनीतील फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता चित्रांचे पुस्तक शोधले. मनासारखे मिळेना, म्हणून कोरी वही आणून त्यांनी स्वतःच चित्रे काढली व गोष्टी रचल्या. १८४५ मध्ये छापलेले ते पुस्तक पुढे जगभर पोचले. त्यात आगकाड्यांशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने कापून टाकतो.

मला या दोन चित्रांत मोठे अंतर दिसते. आग खरोखरच भाजते. तो कृतीचा परिणाम आहे. अंगठे कापणारा शिंपी कधीच येत नाही. तो नुसता धाक आहे. आपल्या बागुलबुवाचेही तसेच. तो आला नाही हे मुलाला एकदा कळले, की आईच्या खऱ्या शब्दावरचाही त्याचा विश्वास उडतो. नाहीतर मूल भिऊन चूक लपवायला शिकते.

हा धाक दूर करण्यासाठी ताराबाई मोडक झटल्या. १९४५ साली बोर्डीस काम सुरू करून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. शिक्षा व आमिष दोन्ही टाळली. अलीकडे माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेल्या व चितारलेल्या पुस्तकांत घरातली साधी माणसे आणि रोजचे प्रसंग भेटतात. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

राळेगावात कापूस वेचणीच्या दिवसांत आईला उसंत नसते, हे मी जाणते. घाईत धाक सोपा वाटतो. तरीही रात्री निजताना एक चित्र दाखवावे आणि उपदेश न करता विचारावे, “आता पुढे काय होईल, बाळा?” उत्तर त्यालाच शोधू द्यावे. आपण शिकविलेले तो विसरेल. स्वतः ताडलेले विसरणार नाही.