सॅक्रिस्टीतला जुना ॲम्प्लिफायर

गेल्या पावसाळ्यात सॅक्रिस्टीतले एक कपाट वाळवी लागल्यामुळे हलवावे लागले. त्याच्या मागे एक जड लोखंडी पेटी निघाली. वर जाळी, पुढे चार काळी बटणे, मागच्या अंगाला दोन भरभक्कम ट्रान्सफॉर्मर आणि आत धुळीने माखलेले काचेचे पाच व्हॉल्व्ह. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली होती. मदतीला आलेल्या तरुणांनी पेटी भंगारात देण्याचा निर्णय एकमुखाने दिला. लोखंड आणि तांबे मिळून वजन बरे भरले असते. तेवढ्यात आमचे निवृत्त धर्मशिक्षक पुढे आले. पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "फादर, मराठीतला मिस्सा आम्ही पहिल्यांदा नीट ऐकला तो याच डब्यातून."

त्या एका वाक्याने मी थबकलो. उपासनेच्या भाषांतराचा इतिहास सेमिनरीत आम्ही सविस्तर शिकलो होतो. परंतु ते शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कशाने पोहोचले, हा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडला नाही आणि आम्हांलाही पडला नाही.

जुन्या लॅटिन मिस्साला ध्वनिवर्धकाची गरज नव्हती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा असे आणि कॅननची प्रार्थना हलक्या आवाजात म्हणत असे. पवित्र क्षण आला हे लोकांना घंटीवरून कळे. मोठा आवाज लागे तो प्रवचनाला. त्यासाठी पूर्वजांनी उंच व्यासपीठ आणि त्यावर लाकडी छत अशी सोय केली होती. गोव्यातील जुन्या चर्चमधून आजही ती दिसते. पाहुणे तिला नक्षीकाम समजतात. मुळात ते छत आवाज वर विरून न जाता खाली लोकांकडे यावा म्हणून बसवलेले असते.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेला दार उघडले. त्याच दिवशी परिषदेचा आणखी एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तो वृत्तपत्र, चित्रपट, रेडिओ इत्यादी संपर्कमाध्यमांविषयीचा. पहिल्यावर आपण ग्रंथ लिहिले, दुसऱ्याचा बहुतेकांना विसर पडला. माझ्या मते मात्र खेड्यातल्या चर्चपुरते ते दोन्ही एकाच डब्यात एकत्र आले. वेदी लोकांकडे वळली, वाचने मराठीत झाली, आणि न ऐकू येणारा शब्द ही प्रथमच खरी अडचण ठरली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले. ओव्हल मैदानावरील तो अफाट समुदाय ध्वनिक्षेपकांवाचून केवळ पाहत राहिला असता.

या यंत्राचे मूळ शोधू गेल्यास आपण एका पाळकाच्या घरी पोहोचतो. ली डी फॉरेस्ट हा अमेरिकेतील एका काँग्रिगेशनल पाळकाचा मुलगा. त्याने १९०६ साली काचेच्या निर्वात नळीत तारेची एक जाळी बसवली. तापलेल्या तारेतून निघणारा विद्युतकणांचा प्रवाह त्या जाळीवरील अगदी क्षीण दाबानेही कमीजास्त होऊ लागला. पाटाचे दार बोटभर हलवावे आणि कालव्याचे पाणी कमीजास्त व्हावे, तसाच हा प्रकार. मायक्रोफोनमधून येणारा दुबळा प्रवाह जाळीवर सोडला की त्याचीच प्रबळ प्रतिकृती पलीकडे मिळते. व्हॉल्व्हच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरचे मर्म एवढेच आहे.

१२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला उद्देशून भाषण केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथे नानिक मोटवाने यांनी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था केली. गांधीजींचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून लोकांची चाललेली धडपड पाहून आपण या कामात पडलो, असे ते सांगत. त्यांच्या पेढीचे नाव 'शिकागो रेडिओ'. नाव अमेरिकेचे, घराणे सिंधी, व्यवसायाचे ठाणे मुंबई. वडिलांनी १९०९ साली सिंधमध्ये धंदा सुरू केला होता. स्वातंत्र्यलढ्यातील जुनी छायाचित्रे वाचकांनी पुन्हा न्याहाळावीत. गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या पुढ्यातील मायक्रोफोनवर 'शिकागो' ही अक्षरे अनेकदा दिसतील.

ही नुसती व्यापाराची गोष्ट राहिली नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. त्या रात्री पोलिसांनी धाड घातली. पुढे खटल्यात जे आरोपी झाले त्यांत यंत्रसामग्री पुरवल्याबद्दल नानिक मोटवानेही होते. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि सुटे भाग विकणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावेसे सरकारला वाटले, यावरून या वस्तूंचे मोल सरकारने किती अचूक ओळखले होते ते कळते.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९३५ पासून डेक्कन रेडिओ चालू होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५० साली ते केंद्र आकाशवाणीकडे गेले. खेड्यापाड्यांत वीज पोहोचायला मात्र त्यानंतरही बरीच वर्षे लागली. तोवर लग्नाच्या वरातीत, उरुसात, गंगाखेडला गोदाकाठच्या कीर्तनात कर्णा वाजे तो मोटारीच्या बॅटरीवर. मंडपवाल्याकडे कर्णा भाड्याने मिळे आणि त्याच्याबरोबर तो चालवणारा माणूसही येई. तो माणूस म्हणजे बहुधा अर्धा मेकॅनिक. पुढे परभणीला आकाशवाणी केंद्र झाले. त्याच्या १३०५ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींनी येथल्या दुरुस्तीच्या दुकानांवर न मागता एक उपकार केला: दुरुस्त केलेला रेडिओ तपासायला जवळचे, खणखणीत स्टेशन मिळाले.

पेटी घेऊन मी शहरातल्या अशाच एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती थेट विजेला जोडली नाही. आधी शंभर वॉटचा दिवा असलेली सिरीज लाइन काढली. पेटीत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. सारे ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. आमचा दिवा लख्ख पेटला. मिस्त्री म्हणाले, "फादरसाहेब, थेट लावली असती तर ट्रान्सफॉर्मरचा धूर झाला असता. आता फक्त कंडेन्सर गेलाय."

येथे थोडे विषयांतर करतो. १९३९ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी एका गॅरेजमध्ये कारखाना काढला. त्यांचे पहिले यंत्र म्हणजे ध्वनियंत्रे तपासण्यासाठी शुद्ध स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर. त्याचा स्वर स्थिर राहावा म्हणून ह्यूलेटने मंडलात एक साधा लहानसा दिवा बसवला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तिचा विरोध वाढतो आणि स्वर आपोआप आवरला जातो. वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या चित्रपटाच्या ध्वनिकामासाठी अशी आठ यंत्रे विकली गेली. दिव्याची तापलेली तार प्रवाहाला आवर घालते, हेच तत्त्व आमच्या मिस्त्रींच्या सिरीज लाइनमध्ये आहे. त्यांनी ह्यूलेटचे नाव ऐकलेले नव्हते.

मिस्त्रींच्या टेबलावरचा मीटर मोटवाने कंपनीचा होता, नाशिकरोडला तयार झालेला. म्हणजे ज्या घराण्याने गांधीजींच्या सभांना आवाज दिला, त्याच घराण्याचे मोजमापाचे साधन परभणीत एका चर्चच्या मुक्या पेटीवर टेकले होते. मिस्त्रींना मी हे सांगितले. त्यांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. "काटा खरा दाखवतो," एवढेच ते बोलले.

दुरुस्तीची रीत पाहण्यासारखी होती. तज्ज्ञ माणूस शेवटापासून सुरुवात करतो. आधी कर्णा, मग त्याला प्रवाह देणारा ट्रान्सफॉर्मर, मग शक्तीचे दोन व्हॉल्व्ह, मग त्यांच्या आधीचा लहान व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी माइकची खोबण. प्रत्येक टप्प्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक लावून तो 'घुर्र' आवाज ऐकतो. घुर्र जेथे थांबते तेथे रोग. सतत गुणगुण येत असेल तर वीजपुरवठा गाळून स्वच्छ करणारे कंडेन्सर सुकलेले असतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतात. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल तापू लागला तर आधीचा कागदी कंडेन्सर गळत असतो. हे सारे करताना मिस्त्रींचा डावा हात पाठीमागे होता. या पेट्यांत साडेतीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दडून राहतो. दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जातो. घरी असा डबा असलेल्या वाचकांनी हौसेखातर तो उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती.

एक लहान व्हॉल्व्ह पूर्ण निकामी झाला होता. मिस्त्रींनी खणातून पुठ्ठ्याची चपटलेली डबी काढली: ईसीसी ८३, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळूर. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याने साठच्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. आता हेच भारतीय व्हॉल्व्ह परदेशांतले गिटारवादक हुडकून हुडकून विकत घेतात.

गिटारचा उल्लेख आला म्हणून सांगतो. परिषदेच्या दस्तऐवजाने ऑर्गनला मानाचे स्थान दिले, पण धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही वाव ठेवला. आमच्या तरुणांनी गिटार आणली आणि ती थेट माइकच्या खोबणीत जोडली. आवाज फाटला. मिस्त्रींच्या लेखी फाटलेला आवाज म्हणजे बिघाड, तो काढण्याचे ते पैसे घेतात. पण पाश्चात्त्य संगीताचा एक अख्खा कालखंड याच बिघाडावर उभा राहिला. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने फुलर्टन येथे दुकान काढले आणि तेथून तो गिटारच्या ॲम्प्लिफायरकडे वळला. त्याच्या एका ॲम्प्लिफायरवरून १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातील माणसांनी आपला नमुना बेतला आणि तरुण वादकांनी तो व्हॉल्व्हच्या शक्तीपलीकडे रेटून वाजवला. मला स्वतःला वेदीजवळ तो आवाज रुचत नाही, हे कबूल करतो. रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवण्याचा नियम २००० साली करावा लागला, त्या अतिरेकात आम्ही चर्चवालेही अगदीच निर्दोष नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पेटी बोलू लागली. व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागते, तेवढे सगळे गप्प उभे होते. मग धर्मशिक्षकांनी माइकपुढे 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हटले.

मजुरीची नोंद करताना मी जुन्या हिशेबवह्या उघडल्या. घंटा कोणी दिली, बाक कोणी दिले, पुतळा कोठून आला, सर्व नावानिशी लिहिलेले आहे. ॲम्प्लिफायरपुढे फक्त 'यंत्रदुरुस्ती' आणि रक्कम, दर दोन-तीन वर्षांनी एकदा. एकाही दुरुस्तकाचे नाव नाही. या वेळच्या ओळीत मिस्त्रींचे नाव घालायचे म्हणून मी ते विचारले. ते सॉल्डरिंग आयर्न पुसत होते. "दुकानाचं नाव टाका," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बरं, माझंच टाका." त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, व्हॉल्व्हच्या कामाला त्यांनी कोणाला तयार केलेले नाही.

आपापल्या धर्मग्रामांतील वह्या वाचकांनी एकदा चाळाव्यात. पहिला ध्वनिवर्धक कोणत्या वर्षी आला, तो बॅटरीवर होता की विजेवर, आणि तो कोण दुरुस्त करी, एवढे तीन तपशील मिळाले तरी संपादकांकडे अवश्य पाठवावेत.