तलाव म्हणायचं की धरण? हॉलस्टाट, ग्राउन आणि आपलं धामणी

नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शंभर वेळा येतात, तेवढे काढलेत.

जून संपत आला की मुंबईच्या बातम्यांमध्ये एक वाक्य रोज ऐकू येतं. मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या सात तलावांमध्ये इतके टक्के पाणीसाठा. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. ऐकायला किती छान वाटतं, नाही? सात तलाव! जणू कुठल्यातरी गोष्टीतलं राज्य. पण या सातांमध्ये निसर्गाने केलेला तलाव एकही नाही. विहार 1860 च्या सुमारास बांधला, तानसा 1892 मध्ये. प्रत्येक ठिकाणी नदी किंवा ओढा भिंत घालून अडवलाय. गावाकडे आपण त्याला सरळ धरण म्हणतो. पाणी शहराच्या नळात पोचलं की धरणाचा तलाव होतो.

हा शब्दांचा खेळ माझ्या डोक्यात बसला तो एका एक्सेल शीटमुळे. ऑफिसातल्या आम्हा चौघांचा पुढच्या वर्षी युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरायचा प्लॅन आहे. ऑस्ट्रिया, उत्तर इटली, स्लोव्हेनिया. एकाने शीट बनवलं, त्यात सरोवरकाठची गावं: हॉलस्टाट, बेलाजिओ, ब्लेड, अजून दहा-बारा. कॉलम ठरलेले. रेटिंग, पार्किंग, हॉटेलचं भाडं, फोटो कसे येतात. सगळ्या गावांना 4.6 ते 4.8. त्यातून निवडायचं कसं? मी डहाणूचा आणि इतिहासाचा किडा, म्हणून शेवटी एक कॉलम वाढवला: 'पर्यटक यायच्या आधी इथली माणसं काय करत होती?'

तो कॉलम भरायला बसलो आणि रेटिंगचं महत्त्व संपलं.

हॉलस्टाट घ्या. डोंगर आणि पाण्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवलेलं, आठशेच्या आत वस्तीचं गाव. इतकं फोटोजेनिक की चीनने 2012 मध्ये ग्वांगडोंग प्रांतात त्याची नक्कल उभी केली. 2023 मध्ये गावकऱ्यांनीच सेल्फीच्या जागेवर लाकडी कुंपण घातलं, नंतर काढलं. हे सगळं रील्सवर दिसतं. दिसत नाही ते मीठ. या डोंगरात तीन हजार वर्षांहून जास्त काळ मिठाच्या खाणी चालू आहेत. 1846 मध्ये खाणीचा एक अधिकारी, योहान गेओर्ग रामसाउअर, याला तिथे जुनी थडगी सापडली. पुढे खणत गेल्यावर ती हजाराच्या घरात गेली. युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या काळाला आज 'हॉलस्टाट संस्कृती' म्हणतात ते त्यामुळे.

आणि माझी आवडती गोष्ट पुढे आहे. मीठ काढायचं तर खारं पाणी उकळावं लागतं, उकळायला लाकूड लागतं. आजूबाजूचं जंगल पुरेना, तेव्हा 1595 ते 1607 या काळात त्यांनी खारं पाणीच तिकडे नेलं जिकडे लाकूड होतं. हॉलस्टाटपासून एबेनझेपर्यंत जवळपास 40 किलोमीटरची पाइपलाइन, पोखरलेली झाडं जोडून केलेली. सुमारे तेरा हजार खोडं! त्या पाइपलाइनच्या वाटेने आज लोक ट्रेक करतात. पाइपलाइन हा शब्द लक्षात ठेवा, डहाणूत पुन्हा लागणार आहे.

कोमो सरोवर चारशे मीटरहून खोल आहे, हिमनदीने खोदलेलं. काठच्या गावांत रेशमाचा धंदा होता. ब्लेडला आधी यात्रेकरू यायचे, मग एकोणिसाव्या शतकात आर्नोल्ड रिकली नावाच्या स्विस माणसाने हवा-पाणी-उन्हाचे उपचार सुरू केले आणि गावाची ओळख बदलली. बेलाजिओबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, सुंदर आहे, महाग आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. सरोवर आधी, गाव नंतर. हिमनद्या वितळल्या, खड्ड्यात पाणी राहिलं, माणूस हजारो वर्षांनी काठावर आला. त्याला उठवलं नाही कोणी.

आपल्याकडे हिमनद्या नव्हत्या. सह्याद्रीवर धो धो पडणारा पाऊस उभ्या उतारावरून कोकणातल्या आखूड नद्यांमधून समुद्राला मिळतो, मध्ये थांबायला जागाच नाही. लोणारसारखा उल्केने पाडलेला खड्डा सोडला तर महाराष्ट्रात मोठं नैसर्गिक सरोवर शोधून सापडत नाही. म्हणजे पवना, मुळशी, भंडारदरा, शिवसागर, जिथे जिथे आपण 'लेक व्ह्यू' रिसॉर्ट बुक करतो, तिथे क्रम उलटा आहे. गाव आधी, सरोवर नंतर. गाव पाण्याखाली.

मुळशीचं तर सगळ्यांना शाळेत एका ओळीत शिकवतात. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी पेट्यातली गावं जाणार होती, वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथूनच. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये याचं नाव घेतात. धरण झालंच. आज त्या पाण्याकडे तोंड करून बाल्कन्या आहेत.

आता युरोपात असं नाहीच का? आहे की. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ रेशेन सरोवर आहे. पाण्याच्या मधोमध एक घंटाघर उभं. नुसतं घंटाघर, खाली चर्च नाही, गाव नाही. इन्स्टाग्रामवर तुम्ही ते नक्की पाहिलंय. तिथे ग्राउन नावाचं गाव होतं. वीज कंपनीने दोन जुन्या सरोवरांची पातळी वाढवून एक मोठा जलाशय करायचं ठरवलं आणि 1950 मध्ये गाव बुडालं. चौदाव्या शतकातलं घंटाघर तेवढं ठेवलं. गावकरी जर्मन बोलणारे, आणि पाणी किती वर चढणार याची सूचना गावात लावली होती इटालियनमध्ये.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ बसलो. कारण ही गोष्ट मला ओळखीची वाटत होती.

मुंबईहून अहमदाबादकडे निघालात तर मनोर गेलं की मेंढवण खिंड, मग चारोटी नाका, मग विवळवेढ्याची महालक्ष्मी, पुढे दापचरी, तलासरी, अच्छाड, आणि गुजरात. आमचा हा हायवे. बहुतेक लोक फक्त वडापाव आणि सीएनजीसाठी थांबतात. या पट्ट्याच्या पूर्वेला दोन जलाशय आहेत, कुर्झे आणि धामणी. दोन्ही दिसायला, खरं सांगतो, कोमोला हार जाणार नाहीत. निदान श्रावणात तरी.

पण कॉलम भरायचा. पर्यटक यायच्या आधी इथली माणसं काय करत होती?

तलासरी-डहाणूतला वारली माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होता. त्याच्याच बापजाद्यांनी कसलेली जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली. वेठबिगार होती. लग्नगडी हा प्रकार होता: लग्नासाठी कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवरा-बायकोने मालकाकडे राबायचं. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरी गावात सभा झाली. हजारो वारली जमले आणि ठरवलं की फुकट राबायचं नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या वतीने उभे होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्यावर आहे, त्याला साहित्य अकादमी मिळालंय. डहाणूच्या मुलांनी तरी ते वाचायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

वेठ संपली. स्वातंत्र्य आलं, 1960 ला महाराष्ट्र आला, उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली आणि उरलेल्या इकडच्या गावांचं तलासरी झालं. जमीन निदान कसायला तरी मिळेल असं वाटत असताना सरकारला तीच जमीन हवी झाली. कशासाठी? म्हशींसाठी.

मुंबईत म्हशींचे गोठे वाढले होते. गोरेगावची आरे कॉलनी पुरेना, म्हणून गोठे शहराबाहेर, डहाणू-तलासरीच्या हद्दीवरच्या दापचरीला न्यायचा दुग्ध प्रकल्प निघाला. त्याला पाणी पाहिजे, म्हणून वरोली नदीवर कुर्झे धरण. जमीन आदिवासींची गेली. प्रकल्प काही वर्षं चालला आणि मग मरगळला. आज हायवेवरून दापचरी हे नाव लोकांना माहीत आहे ते चेकपोस्टमुळे. एखाद्या स्टार्टअपने असं केलं असतं तर आपण पोस्टमॉर्टेमच्या पोस्ट लिहिल्या असत्या. इथे म्हशी गेल्या, पण जमीन घेतलेली राहिली.

धामणी मोठं. सूर्या ही वैतरणेला मिळणारी नदी. तिच्यावर धामणीला मुख्य धरण, खाली कवडासला बंधारा, आणि तिथून दोन कालवे. सत्तरच्या दशकात काम सुरू झालं, नव्वदच्या आसपास पाणी अडलं. उद्देश सिंचनाचा होता: डहाणू, पालघर, विक्रमगड इथली शेती ओलिताखाली आणायची. पावसाळी भात निघाला की इथला माणूस विटभट्टीवर, बोटीवर, बांधकामावर बाहेर जातो; पाणी मिळालं तर दुसरं पीक घेईल आणि घरी राहील, असा हिशोब. काही गावांत तो खरा ठरला. कालव्याच्या कडेची हिरवी भाजी आणि मोगरा बघितला की कळतं.

मग पाइपलाइन आली. वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ही शहरं फुगली, त्यांना पाणी हवं. एमएमआरडीएने सूर्या प्रादेशिक योजना केली: दिवसाला 403 दशलक्ष लिटर, त्यातलं 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला. मेंढवण खिंडीत आणि तुंगारेश्वरला डोंगराखालून बोगदे काढून पाणी नेलंय. इंजिनियरिंग म्हणून बघितलं तर काम जबरदस्त आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सिंचनासाठी म्हणून जमीन दिलेल्या, धरणासाठी उठलेल्या लोकांनी विचारलं की आमचं पाणी कुठे चाललं? इथल्या शेतकरी आणि आदिवासी संघटना या प्रश्नावर वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत.

मी सध्या वसईत भाड्याने राहतो. 2023 च्या शेवटी वसई-विरारला सूर्येचं हे नवीन पाणी यायला लागलं. म्हणजे सकाळी मी ज्या पाण्याने दात घासतो ते माझ्याच जिल्ह्यातल्या बुडालेल्या खोऱ्यातून, बोगद्यातून, माझ्याआधी शहरात पोचलेलं असतं. शहराला पाणी देऊ नका असं मी म्हणणार नाही. माझ्या सोसायटीत टँकरची भांडणं मी पाहिलीयत. पण हॉलस्टाटची पाइपलाइन मिठाचा धंदा वाढवण्यासाठी गावातून निघाली आणि गाव तिथेच राहिलं. इथे धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यात एप्रिल-मेमध्ये बाई डोक्यावर हंडा घेऊन उतरते. पाणी वर आहे, वस्ती उंचावर विखुरलेली आहे, पाड्यापर्यंत पंप आणि टाकी न्यायला खर्च येतो, आणि 403 दशलक्षांच्या टेंडरमध्ये दोनशे माणसांचा पाडा बसत नाही. अवघड गणित नाही हे. कोणी मांडलेलं नाही एवढंच.

ग्राउनला निदान घंटाघर आहे. बघणारा विचारतो, हे पाण्यात काय? आणि मग कोणीतरी सांगतं. वारली पाड्याची घरं कुडाची, कारवीच्या भिंतींची, शेणाने सारवलेली. पाणी चढल्यावर त्यातलं पाण्यावर काय उरणार? बुडालेलं गावदेवाचं ठिकाण, वाघ्याचा लाकडी खांब, यांचा फोटो येत नाही. म्हणून धामणीला गेलेल्या माणसाला निळं पाणी आणि डोंगर दिसतात, आणि तो 4.7 देऊन निघतो.

आमच्या शीटचं झालं असं, की बेलाजिओ गेलं आणि ग्राउन आलं. मत तीन विरुद्ध एक. विरोधातला अजून रागावलेला आहे, त्याला कोमोला रात्र काढायचीच होती.

आणि तुम्हाला यायचं असेल तर चारोटी नाक्यावरून कासामार्गे आत वळा. पावसाळ्याच्या शेवटी या, सप्टेंबर-ऑक्टोबरात, भात पोटरीला आलेला असतो. धरणाच्या भिंतीवर असंच चढू देत नाहीत, तिथे वाद घालू नका. खायला काहीतरी कासालाच घेऊन ठेवा. आणि कोणी म्हातारं माणूस भेटलंच तर धरण कुठून दिसतं हे विचारू नका, नदी आधी कुठून जायची ते विचारा. उत्तर बऱ्याचदा हाताने दाखवलं जातं, आणि हात पाण्याकडे जातो.

पुढचा भाग फक्त झरीच्या सभेवर. तोपर्यंत, भेटू.