क्षयरोगाची पाहणी आणि जिल्ह्याची योजना : १९४६ ते १९६२

सार्वजनिक आरोग्याची योजना आखताना लोकसमूहाच्या आरोग्यस्थितीची पाहणी आधी व्हावी, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. परंतु पाहणी करणे म्हणजे केवळ रुग्णांची गणती करणे नव्हे. पाहणीत कोणता प्रश्न विचारला जातो, यावर तिच्यातून कोणती योजना निघेल हे बव्हंशी अवलंबून असते. स्वातंत्र्योत्तर भारतातील क्षयरोग-नियंत्रणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९४६ ते १९६२ या सोळा वर्षांत एकाच रोगाविषयी वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येक उत्तरासरशी योजनेचे स्वरूप पालटत गेले.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९४३ साली नेमण्यात आली व तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण असून या रोगाने दरसाल सुमारे ५ लाख लोक मृत्युमुखी पडतात, असा तिचा अंदाज होता. रुग्णालये व क्षयारोग्यधामे मिळून उपलब्ध खाटा मात्र ६,००० च्या आसपास होत्या. हे आकडे समोर ठेवले की खाटा कशा वाढवाव्यात, हाच प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येई. शिवाय क्षय हा मुख्यतः दाट वस्तीच्या शहरांचा व गिरण्या-कारखान्यांच्या परिसराचा रोग आहे, अशी समजूत त्या काळी रूढ होती. ग्रामीण भागातील रोगाच्या प्रमाणाविषयी विश्वसनीय माहितीच नसल्यामुळे या समजुतीला छेद देणारेही काही नव्हते.

हा छेद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात केलेल्या नमुना पाहणीने दिला. कलकत्ता, दिल्ली, हैदराबाद, मदनपल्ले, पाटणा व त्रिवेंद्रम या सहा केंद्रांभोवतीच्या प्रदेशांतील शहरे, गावे व खेडी निवडून तेथील लोकांच्या छातीची क्ष-किरण तपासणी व संशयितांच्या थुंकीची तपासणी करण्यात आली. क्ष-किरणांत सक्रिय क्षय दिसणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी १३ ते २५, तर थुंकीत जंतू आढळणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी २ ते ८ असे निघाले. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, खेड्यांतील प्रमाण शहरांतील प्रमाणाहून फारसे कमी नव्हते. लोकसंख्येचा सुमारे चार-पंचमांश भाग खेड्यांत राहत असल्यामुळे बहुसंख्य क्षयरुग्णही खेड्यांतच असले पाहिजेत, हे त्यातून उघड झाले. दर हजारी ४ हे प्रमाण धरले, तर दहा लाख वस्तीच्या एका जिल्ह्यात ४,००० संसर्गकारक रुग्ण होतात. एवढ्यांना पुरतील इतक्या खाटा प्रत्येक जिल्ह्यात उभारणे कोणत्याही अर्थसंकल्पाच्या आवाक्यातले नव्हते.

याच सुमारास खाटांची अपरिहार्यताही प्रयोगाने तपासली गेली. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग-औषधोपचार केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला क्षयारोग्यधामात व दुसऱ्याला घरीच, एक वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दाटीवाटीच्या घरात व अपुऱ्या आहारावर राहूनही घरी उपचार घेणाऱ्यांचे बरे होण्याचे प्रमाण क्षयारोग्यधामातील रुग्णांच्या तोडीचे होते. कुटुंबीयांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढलेला दिसला नाही. उपचारासाठी खाट अनिवार्य नाही, हे सिद्ध झाले.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. खेडोपाडी विखुरलेले हे रुग्ण शोधायचे कसे? क्ष-किरणांची फिरती यंत्रे गावोगाव नेणे हा एक मार्ग होता. पण तो अतिशय खर्चाचा होता. १९५९ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी हा प्रश्नच उलटा केला. रुग्ण कोठे आहेत, असे न विचारता रुग्ण स्वतः काय करतात, असे त्यांनी विचारले. तुमकूर जिल्ह्यात पाहणीतून आढळलेल्या क्षयरुग्णांना भेटून त्यांची चौकशी करण्यात आली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, थुंकीत जंतू असलेल्या बहुतेक सर्व रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव असल्याचे दिसले. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथे क्षयाचे निदान न होता त्यांची बहुधा खोकल्याच्या औषधावर बोळवण होत असे. खेडूत अडाणी व रोगाविषयी उदासीन आहे, ही समजूत येथे टिकली नाही. उणीव रुग्णाच्या जाणिवेत कमी आणि दवाखान्याच्या व्यवस्थेत अधिक होती.

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची रचना या विचारावर उभी आहे. जिल्हा हा तिचा घटक होता. जिल्हा क्षयरोग केंद्राने मार्गदर्शन व देखरेख करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रांनी खोकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि रुग्णाला घराजवळच मोफत औषध द्यावे, अशी ही योजना होती. क्षयासाठी निराळी यंत्रणा न उभारता सर्वसाधारण आरोग्यसेवेतच तिला स्थान देण्यात आले.

योजना सुविचारित असूनही तिचे फळ अपेक्षेप्रमाणे मिळाले नाही. जिच्या खांद्यावर ती उभी होती ती प्राथमिक आरोग्यसेवाच दुबळी राहिली. औषधांचा पुरवठा अनियमित होता व अनेकांचे उपचार अर्धवट सुटत. १९९२ सालच्या आढाव्यात हे दोष स्पष्टपणे नोंदले गेले आणि पुढे १९९७ पासून सुधारित कार्यक्रमाचा विस्तार झाला.

तुमकूरचा निष्कर्षही सर्वकाळ लागू मानता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत, क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेले नव्हते. आणि केवळ लक्षणे विचारून शोध घेतला असता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, असे आढळले. या दोन पाहण्यांच्या व्याख्या व तपासणीच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे योग्य नाही. तथापि, जो दवाखान्यात येतो त्याला ओळखणे आणि जो येत नाही त्याच्यापर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी कार्ये आहेत, एवढे त्यांवरून निश्चित होते.

एका पाहणीचे उत्तर पुढील पिढीने गृहीत धरले, की ती पाहणी योजनेची मार्गदर्शक न राहता केवळ तिचे समर्थन बनते. १९६२ च्या योजनेचे खरे श्रेय तिच्या आकड्यांपेक्षा तिच्यामागील प्रश्नात आहे. रोगाबरोबरच रोग्याचे वर्तन आणि त्याला मिळणारी वागणूक हीदेखील मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या प्रश्नाने प्रस्थापित केले.