अनाथ कोण ते ठरवणार कोण? वसईतला एक जुना कायदा

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय जड आहे. वसईच्या किल्ल्यात आपण सगळेच फिरतो, फोटो काढतो, रील्स बनवतो. 23 डिसेंबर 1534 ला गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर 1739 पर्यंत, म्हणजे दोनशेच्या वर वर्षं, इथे पोर्तुगालच्या राजाचा शब्द चालायचा. त्यातल्या एका शब्दाबद्दल आज बोलू. तो शब्द आहे 'अनाथ'.

1559 मध्ये लिस्बनहून एक हुकूम निघाला. गोव्यातल्या हिंदूंची जी लहान मुलं आईबाप, आजी-आजोबा असं कुणीच नसलेली असतील, ती जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची. तिथे त्यांना बाप्तिस्मा द्यायचा आणि शिकवायचं. आधी गोव्यापुरता असलेला हा कायदा पुढे वसईकडच्या मुलखातही आला.

आता नीट ऐका. मूळ हुकुमात आजी जिवंत असेल तर मूल अनाथ नव्हतं. पुढे अंमल करताना अर्थ बदलत गेला. बाप गेला की मूल अनाथ! आई समोर उभी असली तरी. आपण कोडिंगवाले म्हणतो ना, फंक्शन तेच राहिलं, फक्त कंडिशन बदलली, पण आउटपुट? घरातून मूल गायब.

हे निव्वळ दुष्टपणातून आलं असं म्हणणं सोपं आहे. पण खुद्द पोर्तुगालमध्येही कायद्याच्या भाषेत अनाथ म्हणजे बाप नसलेलं मूल. तिथे अशा मुलांसाठी वेगळा न्यायाधीश असायचा. पोर्तुगालच्या स्वतःच्या अनाथ मुलींनाही जहाजात बसवून गोव्याला लग्नासाठी पाठवत. घर म्हणजे बाप, आणि बाप नसेल तर राजा, हा त्यांचा हिशोब.

आपल्याकडे हिशोब वेगळा. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणारी आपली भाषा. बाप गेला तर काका आहे, मामा आहे, आजी आहे. चुलत घरात चार पोरांत पाचवं वाढतं. म्हणजे पोर्तुगीज अधिकाऱ्याला जिथे रिकामं घर दिसत होतं, तिथे आपल्या माणसांना भरलेलं घर दिसत होतं. वर त्यात धर्म आला. ख्रिस्ती झालेल्या मुलाला हिंदू नातेवाइकांकडे परत पाठवणं त्यांच्या दृष्टीने पापच होतं. मग लोक काय करणार? पोरं लपवायची, रातोरात हद्दीपलीकडे पाठवायची. माणसं मुलूख सोडून जातायत, ही तक्रार पोर्तुगीजांचेच अधिकारी करू लागले.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट आता सांगतो. हुकूम ज्याच्या नावाने निघाला तो राजा सेबास्तियांव तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचा बाप त्याच्या जन्माआधी काही दिवस वारला होता. आई काही महिन्यांतच स्पेनला निघून गेली. त्याला वाढवत होती त्याची आजी, राणी कातारिना, आणि राज्यही तीच चालवत होती. वसईतल्या पुढच्या अर्थाने बघितलं तर राजाच अनाथ! पण त्याला आजीपासून तोडायला कुणी गेलं नाही.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेने मे 1739 मध्ये वसई पडली. त्या मोहिमेमागे धार्मिक जाचाचं कारण सांगितलं जातं. महसूल आणि किनाऱ्यावरची सत्ता हीसुद्धा कारणं होतीच. आणि एक विनंती. हे ऐकून आजच्या वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे बोट दाखवू नका. उचलून नेलेली ती मुलं कुणाची तरी पूर्वज असतील. दुःख असेल तर ते त्यांचंही आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑस्ट्रेलियाने आदिवासी कुटुंबांतून मुलं उचलल्याबद्दल संसदेत माफी मागितली ती 2008 मध्ये. 2011 मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने नेली. त्यावरूनच 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' आला. 2012 मध्ये मुलं भारतात आली ती काकाच्या ताब्यात. वाटेल, बघा, आपला काका जिंकला! पण नंतर त्याच मुलांसाठी आईला कलकत्ता हायकोर्टात जावं लागलं. म्हणजे नातं आहे म्हणून न्याय होतोच असं नाही.

आणि मार खाणारी, उपाशी ठेवलेली मुलं आपल्याही इमारतीत असतात. तिथे 'घरचा मामला' म्हणून गप्प बसणं हाही अन्यायच. आपला 2015 चा बाल न्याय कायदा मधला रस्ता धरतो. आधी कुटुंब, संस्था सगळ्यात शेवटी. आणि अनाथ कोण हे ठरवताना आईबापांबरोबर पालकही मोजायचा. निर्णय जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने घ्यायचा. कागदावर हे चांगलं आहे. पण समितीसमोर मूल आलं की पहिला प्रश्न हाच असायला हवा: याचं अजून कोण कोण आहे? चारशे वर्षांपूर्वी वसईत तो प्रश्न विचारणं बंद झालं होतं.

तुमच्या घरात आजीने, मावशीने, काकूने वाढवलेलं कुणी आहे का? त्यांना हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!