नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल कुठे मिळतो आणि तो कसा वाचायचा?

नळाला पाणी आलं की नाही, हे तोटी सोडली की कळतं. ते पिण्यालायक आहे का, हे मात्र नुसतं बघून कळत नाही. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असलेलं पाणीही दिसायला स्वच्छच असतं आणि त्याला वासही येत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे २०० च्या वर गेला. नांदेडगाव, किरकटवाडी या भागांतल्या पाण्यावर संशय गेला आणि लोक विचारू लागले: आपल्याकडे पाणी येतं कुठून? त्यात क्लोरीन टाकतात का? शेवटची तपासणी कधी झाली होती?

हे प्रश्न विचारायला साथ येण्याची वाट बघावी लागत नाही. याची उत्तरं सरकारी कागदांत असतात आणि ती मिळवणं हा तुमचा हक्क आहे.

हा हक्क कुठून आला?

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कविषयक समितीने २००२ मध्ये पाण्याच्या हक्काचा अर्थ स्पष्ट केला. पाणी जवळ हवं, परवडणारं हवं, भेदभावाशिवाय मिळायला हवं आणि त्याबद्दलची माहितीही मिळायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हे मानवी हक्क असल्याचं मान्य केलं.

भारतात यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम ४ नुसार सरकारी कार्यालयांनी बरीचशी माहिती कोणी अर्ज करण्याआधी स्वतःहून जाहीर करायची असते. कलम २ मधल्या व्याख्येनुसार तुम्ही कागदपत्रं आणि कामं प्रत्यक्ष पाहू शकता, तसंच साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागू शकता. म्हणजे गावातल्या पाइपलाइनचं कामही यात आलं.

गावात राहत असाल तर आधी काय बघाल?

*१. कार्डाचा रंग.* महाराष्ट्रात आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असं वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो. जोखीम जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल, मध्यम असेल तर पिवळं आणि कमी असेल तर हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड असेल आणि साथ आली नसेल, तर चंदेरी कार्ड दिलं जातं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

*२. टीसीएल आणि ओटी टेस्ट.* पाण्यात टीसीएल पावडर टाकणं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरलं का हे ओटी टेस्टने तपासणं, हे काम बहुतेक गावांत जलसुरक्षक करतात. त्यांच्याकडच्या नोंदी मागून बघा. टाकीजवळच्या घरात क्लोरीन सापडलं आणि शेवटच्या घरात नाही, असंही होऊ शकतं. त्यामुळे नमुना कुठल्या नळाचा होता, हे आवर्जून विचारा.

*३. जल जीवन मिशनचा डॅशबोर्ड.* यावर गावानुसार नळजोडण्या आणि पाणी तपासणीची माहिती दिसते. या योजनेत गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरून पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, हे शोधा.

*४. स्वच्छतेची नोंद.* स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावांना ‘ओडीएफ प्लस’चे दर्जे दिले जातात. यात शौचालयांसोबत सांडपाणी आणि कचऱ्याची व्यवस्थाही बघितली जाते. विहिरीशेजारून गटार वाहत असेल तर ही नोंद पाण्याच्या अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते.

हिरवं कार्ड म्हणजे पाणी शुद्ध?

तसं नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नळजोडणीचा आकडा फक्त नळ बसला का, एवढंच सांगतो. कार्डाचा रंग स्रोताभोवतीची स्वच्छता आणि देखभाल कशी आहे, हे सांगतो. पाण्यात नेमकं काय आहे, हे मात्र प्रयोगशाळेच्या अहवालातच कळतं.

तो अहवाल वाचताना भारतीय मानक आयएस १०५०० मधल्या या मर्यादा हाताशी ठेवा:

- ई-कोलाय: १०० मिलीलीटर नमुन्यात अजिबात सापडता कामा नये.
- नायट्रेट: लीटरमागे ४५ मिलीग्रॅमपर्यंत. यात सवलत नाही.
- फ्लोराइड: लीटरमागे १ मिलीग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.
- टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार: लीटरमागे ५०० मिलीग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातलं फ्लोराइड ही जुनी समस्या आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं आणि सांधे आखडतात. ‘आम्ही पाणी उकळून पितो’ हा इथे उपाय नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत.

शहरात काय करायचं?

महापालिकांना दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल तयार करावा लागतो. मुंबई महापालिकेच्या अहवालात पाण्याचे किती नमुने अयोग्य निघाले, याची विभागवार टक्केवारी असते. तुमच्या महापालिकेच्या वेबसाइटवर हा अहवाल शोधा. सोसायटीला टँकरने पाणी येत असेल तर तो कुठे भरला जातो, हे आधी विचारा. आणि महापालिकेची तपासणी चांगली आली तरी सोसायटीची टाकी धुण्याची जबाबदारी सोसायटीचीच असते.

माहिती मिळाली नाही तर?

मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ते लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचा असतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही.

‘गावाला शुद्ध पाणी का मिळत नाही?’ असं विचारलंत, तर हाती काही लागणार नाही. कागद मागा. उदाहरणार्थ:

- मागच्या १२ महिन्यांतल्या पाणी तपासणीच्या सर्व अहवालांच्या प्रती
- नमुना घेतल्याची तारीख आणि ठिकाण
- टीसीएल खरेदीची बिलं आणि साठा नोंदवही
- अयोग्य निघालेल्या नमुन्यांनंतर काय कारवाई केली, त्याची कागदपत्रं

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. माहिती जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांची मुदत आहे. साथ सुरू असताना हा मुद्दा अर्जात मांडता येतो, पण अधिकारी तो मान्य करतीलच असं नाही. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते.

ग्रामसभेत हात वर करण्याआधी

जल जीवन मिशनमध्ये ‘हर घर जल’ गावांचे दोन प्रकार आहेत: जाहीर आणि प्रमाणित. सरकारी यंत्रणेने काम पूर्ण झाल्याचं कळवलं की गाव ‘जाहीर’ होतं. ‘प्रमाणित’ होण्यासाठी मात्र ग्रामसभेचा ठराव लागतो. एखाद्या वस्तीला पाणी पोहोचत नसेल किंवा तपासणी अहवाल दाखवला गेला नसेल, तर ते सांगायची जागा हीच आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर असा ठराव असेल, तर आधी अहवाल वाचून दाखवायला सांगा आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवून घ्या.