भोंग्यातला खर्ज

साल १९८४, जानेवारीची २६ तारीख. भांडुप स्टेशनाच्या पश्चिमेला तुम्ही बाहेर पडता. रेक्झिनच्या खोळीतल्या बेस गिटारचा पट्टा खांद्यात रुततोय. लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडता, शेजारचे आजोबा अजून त्याला आग्रा रोडच म्हणतात. पुढे टेंभीपाड्याकडे चढ लागतो. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव आहे. सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा दुपारीच आटोपलीय, पण तुमच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद पडतोच. तुपाने ओशट झालेली बोटं आधी धुवून घ्या, तारा खराब होतील. इथली कोकणातली कुटुंबं गणपतीला गावी असतात, त्यामुळे सगळ्या चाळीला एकत्र बसून ऐकता येईल असा वर्षातला कार्यक्रम म्हणजे पूजेच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा.

फळ्यांच्या स्टेजवर ड्रमसेट, बोंगो-कोंगो, ढोलकी, अकॉर्डियन आणि एक ऑर्गन. ऑक्टापॅड दिसणार नाही. रोलंडचं पहिलं ऑक्टापॅड अजून वर्षभराने येईल. तुमचा अॅम्प्लिफायर एका रेडिओ मेकॅनिकने बांधलेला, प्लायवूडच्या खोक्यात पंधरा इंची स्पीकर. तुम्ही सर्वांत जाड तार मोकळी छेडता आणि पायाखालची फळी थरथरते. छाती भरून येते. तार बरोबर लागली असेल तर ती सेकंदाला ४१ वेळा कंप पावतेय. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २० हर्ट्झ धरली जाते, म्हणजे तुम्ही तळापासून फार लांब नाही.

आता गिटार सोबत्याच्या हातात द्या, त्याला तेच वाजवत राहायला सांगा आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. विजेच्या खांबाला दोन भोंगे बांधलेत, एक चढाकडे तोंड करून, एक उताराकडे. बोंगो ऐकू येतोय, अकॉर्डियन ऐकू येतंय, माइकवाल्याचं ‘हॅलो, हॅलो’ तर अगदी स्पष्ट. बेस नाही. जो आवाज स्टेजवर तुमच्या पोटात घुमत होता, त्याचा इथे मागमूस नाही.

भोंग्याखाली स्टूल टाकून बसलेला साउंडवाला वेंगुर्ल्याकडचा आहे. तो तुमच्याकडे न बघताच म्हणतो, ‘‘रे बाबा, खालचो आवाज भोंग्यातसून येणा नाय. मधलो दी.’’

या एका वाक्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. पत्र्याच्या भोंग्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तो बांधलाय माणसाचा बोलण्याचा आवाज लांबवर फेकायला. पण बेसच्या तारेतून एकटा मूळ सूर कधीच येत नाही. तिसऱ्या पडद्यावरचा खालचा जी वाजवला की ४९ हर्ट्झबरोबर ९८, १४७, १९६ असे त्याच्या पटीतले सूर वर चढत जातात. भोंग्याने खालचे सगळे गाळले, तरी वरचे ३४३, ३९२, ४४१ सुटून येतात आणि त्यांच्यातलं सारखं अंतर पकडून मेंदू तो न आलेला ४९ जागेवर बसवतो. ऐकणाऱ्याला खर्ज ‘ऐकू’ येतो, हवेत नसताना. मात्र त्यासाठी ते वरचे सूर तारेतून निघायला हवेत. गुबगुबीत, बोथट छेडलेल्या सुरात ते नसतात.

म्हणून परत स्टेजवर या. हात मानेजवळून काढून ब्रिजकडे सरकवा. हवं तर पिक घ्या. अॅम्प्लिफायरवरचं बेसचं बटण निम्म्यावर आणा. स्टेजवर आवाज आता जरा रुक्ष वाटेल, वाटू द्या. रात्री साडेअकराला ‘कुर्बानी’मधल्या डिस्को गाण्याची फर्माईश येते, चार वर्षं झाली तरी गाण्याची जादू उतरलेली नाही. ड्रमरने पहिला ठोका दिला आणि गल्लीच्या टोकाला उभी असलेली, टायरच्या कारखान्यातली पाळी नुकतीच सुटलेली माणसंही मान हलवू लागली, की समजा पोहोचलं.

त्याच रात्री आणखी एक प्रकार घडतो. गायिका माइकला ओठ टेकवते आणि दचकून मागे सरते. मुंग्या आल्यासारखा झटका. माइक एका वायरिंगवर, ऑर्गन दुसऱ्यावर, अर्थिंग कुठेच धड नाही. त्या काळी तिने रुमाल गुंडाळून गाणं पूर्ण केलं असतं. तुम्ही तसं करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. याकडे मी परत येईन.

इथून आणखी मागे, १९७१. ताडदेवचं फिल्म सेंटर. काचेपलीकडे व्हायोलिनच्या रांगा, सगळे वादक एकाच वेळी वाजवणार. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा पुन्हा टेक. कोपऱ्यात बेस गिटार घेऊन टोनी वाझ. आर. डी. बर्मन यांच्या त्या दशकातल्या गाण्यांखाली जे सळसळतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या बोटांतून आलंय. ही गाणी ऐकली जाणार आहेत ती चाळीतल्या ट्रान्झिस्टरवर, तळहाताएवढ्या स्पीकरमधून. तरीही भांडुपच्या पोरांना बेसची ओळ तोंडपाठ होती, ती गुणगुणत ती बसथांब्यावर उभी राहायची. छोट्या स्पीकरमधून ओळ कळावी म्हणून ती ओळच तशी रचलेली असायची: सूर हलते, मध्ये श्वासाला जागा, गायिकेच्या ओळी संपल्या की त्या फटीत एखादी उडी. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायची रीत नव्हती. नाव न छापता माणसाची बोटं घराघरांत पोहोचली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्याही आधी काही वर्षं, अर्ध्या पृथ्वीपलीकडे डेट्रॉइटमध्ये, मोटाऊन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन हेच करत होता. गाव मोटारींच्या कारखान्यांचं, ऐकणारे कामगार, गाणं वाजणार मोटारीतल्या रेडिओच्या छोट्या स्पीकरवर. कंपनी गाणी तशाच छोट्या स्पीकरवर तपासून मग बाहेर काढायची. जेमर्सन एकाच तर्जनीने छेडायचा आणि त्याच्या बेसची वायर अॅम्प्लिफायर-माइकच्या वळणाने न जाता थेट मिक्सरकडे जायची. त्याचंही नाव १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमपर्यंत छापलं गेलं नाही. टायरच्या कारखान्याचं भांडुप आणि मोटारींचं डेट्रॉइट यांना एकच अडचण होती आणि दोन्हीकडे तिला एकच उत्तर सापडलं.

आता आज. तीच चढण, रस्ता सिमेंटचा, चाळीच्या जागी इमारत. खालच्या मोकळ्या जागेत माघी गणपतीचं स्टेज. तुमचा बँड पाच जणांचा आहे. कोळीगीतं, सिनेमाची गाणी, तुमची स्वतःची दोन. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, खाली अठरा इंची सब. तुम्हाला वाटेल, भोंग्याचा जमाना गेला, आता खालचं सगळं उघडं सोडायला हरकत नाही. घाई करू नका. तीन बाजूंनी इमारतींच्या भिंती आहेत, त्यांच्यामध्ये खर्ज घुमत राहतो आणि एका सुरावर दुसरा चढतो. शेजारच्या गल्लीत ढोल-ताशा चालू आहे. ड्रमरची किक आणि ढोलकीची धुम साठ-ऐंशी हर्ट्झच्या आसपास बसलीय. आणि समोरच्या प्रत्येक हातात फोन आहे. उद्या सकाळी मंडळाच्या ग्रुपवर जो व्हिडिओ फिरेल तो फोनच्या इवल्या स्पीकरवरच वाजेल. तुमचं पुढचं काम त्या व्हिडिओवर ठरणार. चाळीतल्या त्या साउंडवाल्याचं ‘मधलो दी’ आजही तसंच्या तसं लागू आहे.

म्हणून साउंडवाल्याला सांगा, माझ्या चॅनेलचा ४० हर्ट्झच्या खालचा भाग काप, २०० ते २५० मधला गढूळपणा थोडा कमी कर आणि ७०० च्या आसपास जरा उचल. त्याला नावाने हाक मारा, चहा तुमच्याबरोबर घ्यायला बोलवा. त्या रात्री तुमचं वाजवणं लोकांपर्यंत नेणारा तोच आहे. मग बँडला वाजवत ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा आणि ऐका. वायर आखूड पडत असेल तर मित्राला पाठवा, फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आणायला सांगा आणि तो फोनवरच ऐका, हेडफोन न लावता.

सामानाचा क्रम मी असा लावेन. नव्या गिटारचे पैसे बाजूला ठेवा. आधी डीआय बॉक्स घ्या, जो तुमचा सिग्नल लांबच्या वायरीतून घरघर न घेता मिक्सरपर्यंत नेतो. मंडळाच्या साउंडवाल्याकडे तो असेलच असं नाही, आणि असला तरी दुसऱ्या कुणाच्या कीबोर्डला लागलेला असेल. मग दोन चांगल्या वायरी. त्यांच्या टोकाची पी-३८ पिन उघडून सोल्डरिंग बघून घ्या, झाकण हाताने घट्ट बसतंय का पाहा. मग ट्यूनर. मग रुंद पट्टा. चार किलोच्या आसपासचं वाद्य तीन तास खांद्यावर राहणार आहे. तुमचा बेस अॅक्टिव्ह असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी बदलून निघा आणि एक जास्तीची खिशात ठेवा. पिन गिटारमध्ये घुसलेली असेपर्यंत ती बॅटरी जळत असते, त्यामुळे जेवायला उतरताना पिन काढा. तारा पावसाळ्यात लवकर मरतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा. नव्या घ्यायला धोबीतलावला गेलात तर १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोजचं दुकान तिथे आहे.

आता त्या झटक्याकडे. मंडळाची वीज तात्पुरत्या जोडणीची असते, आणि एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात अशी फिरत आलेली. स्टेजवर चढल्यावर तारांना हात लावण्याआधी लाइटवाल्याकडून टेस्टर घ्या आणि माइकची जाळी, अॅम्प्लिफायरची बॉडी तपासा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत. सूत्रसंचालक कितीही घाई करू दे. घरघर येते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची वरची जाड पिन काढून टाकणारे लोक भेटतील. तसं कधीही होऊ देऊ नका, त्या पिनेवर तुमचा जीव आहे. घरघरीसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या ग्राउंडची वाट तोडतं, विजेच्या अर्थिंगची नाही. आणि ती घरघर ओळखायची एक खूण: आपली वीज ५० हर्ट्झची. तिसऱ्या पडद्यावरचा तो जी ४९ चा. तो लांबवून धरलात आणि सुरात साधारण सेकंदाला एक असा हेलकावा आला, तर दोष तुमच्या बोटांचा नाही, वायरिंगचा आहे.

वेळेचं गणित मात्र १९८४ पेक्षा अवघड झालंय. तेव्हा पहाटेपर्यंत चालायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ला लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजकेच, जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि तुमचा दिवस त्यात असेलच असं नाही. आठला सुरू होणारा कार्यक्रम सत्कार, श्रीफळ आणि भाषणांमध्ये नऊपर्यंत सरकतो. म्हणून दोन याद्या घेऊन जा: एक दीड तासाची, एक चाळीस मिनिटांची. छोट्या यादीत पहिलंच गाणं असं ठेवा की ज्यात बेस आणि ढोलकी एकमेकांना जागा देतात. ढोलकीची धुम पडते तिथे तुमचा सूर छोटा करा, डाव्या हाताने लगेच दाबा. ती उठली की तुम्ही पुढे या. कोळीगीतात हे जमलं की बायका पहिल्याच कडव्यावर उठतात.

नाइटचे पैसे आधी ठरवा, निम्मे आगाऊ घ्या, उरलेले सामान गुंडाळायच्या आधी. खजिनदाराला रात्री शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका. वायर कोपरावर पीळ देऊन गुंडाळू नका, आतली तार तुटते. सैल, मोठे वेढे घ्या. परतताना भांडुपहून लोकल पकडाल. मालडब्यात चढा, गिटारची मान वर, खोका पायांमध्ये. आणि गाडीत बसल्या बसल्या ढोलकीवाल्याला फोन करून विचारा, तिसऱ्या गाण्यात तो कुठे घसरला की तुम्ही, म्हणजे शनिवारच्या मुलुंडच्या कार्यक्रमाआधी तेवढं नीट करून घेता येईल.