जली आणि खफी : दख्खनमधला एक जुना वाद

औरंगाबाद शहरात (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. तेथून सुमारे २५ किलोमीटरवर खुलताबाद. पाणचक्कीला नक्शबंदी सूफींचा तकिया होता. त्यांच्या रीतीत अल्लाहचे नाव ओठ न हलवता, श्वासाबरोबर मनातल्या मनात घेतात. खुलताबादेत चिश्ती बुजुर्ग चिरविश्रांती घेत आहेत. त्यांच्या परंपरेत कव्वालाचा सूर ऐकत अंतःकरण अल्लाहकडे वळवण्याची, म्हणजे समाची रीत होती. ध्यानाला आवाजाचा आधार घ्यावा की मौनातच बसावे, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दख्खनमध्ये अशी एका दिवसाच्या पायी वाटेवर शेजारी नांदत होती.

हा प्रश्न जुना असला तरी शिळा झालेला नाही. आपल्या मोहल्ल्यांत आजही मोठ्याने जिक्र करणाऱ्याला कोणी बिदअती म्हणतो, तर गप्प बसून तसबीह ओढणाऱ्याला कोणी कोरडा म्हणतो. एकाच घरातल्या दोन भावांत यावरून अबोला धरला जातो. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. कानात बोंडे घालून रेकॉर्ड केलेला जिक्र ऐकत झोपी जाणारी तरुण मुले आपण पाहतो. म्हणून या वादाचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधार दोन्हीकडे

सूफी परिभाषेत मोठ्याने केलेल्या जिक्राला ‘जली’ आणि मनात केलेल्या जिक्राला ‘खफी’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी कुरआन आणि हदीसचेच दाखले दिले जातात. सूरह आराफच्या २०५व्या आयतीत आपल्या पालनकर्त्याचे स्मरण मनात, नम्रतेने आणि आवाज न चढवता करण्याची आज्ञा आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. प्रवासात सहाबा मोठमोठ्याने तकबीर म्हणू लागले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःवर दया करायला सांगितले. तुम्ही ज्याला हाक मारता तो बहिरा नाही आणि दूरही नाही, असा त्या सांगण्याचा आशय होता.

त्याच बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथनही आहे. प्रेषितांच्या काळी फर्ज नमाज संपल्यावर लोक मोठ्याने जिक्र करीत, असे ते सांगतात. सूरह बनी इस्राईलची ११०वी आयत तर नमाजमधला आवाज फार मोठाही नको, अगदी दबलेलाही नको, मधली वाट धरा असे सांगते. याचा अर्थ, एका बाजूने सगळे पुरावे आपल्याच पदरात आहेत असे कोणालाही म्हणता येत नाही.

खुलताबाद

१३२७ साली मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी नेली. त्यानंतर दिल्लीतून जे सूफी दख्खनमध्ये आले त्यांत हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब (रह.) होते. १३३७ साली त्यांचे निधन झाले. समामध्ये त्यांना भावावस्था येई. त्या अवस्थेतल्या त्यांच्या नृत्याची ढब इतकी वेगळी होती की त्यांच्या सोबत्यांना ‘बुरहानी’ हे नावच पडले.

पण हा समा म्हणजे आज आपण समजतो तशी कव्वालीची जाहीर मैफल नव्हती. त्यांचे पीर निजामुद्दीन औलिया यांनी समाला कडक अटी घातल्या होत्या. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचे मन अल्लाहच्या स्मरणात असावे, गायले जाते ते अश्लील किंवा थिल्लर नसावे आणि चंग-रबाबसारखी वाद्ये नसावीत. आज दर्ग्यावर पेटी-तबल्याशिवाय कव्वालीची कल्पना करता येत नाही. ज्यांच्या नावाने ती गायली जाते त्यांना वाद्येच मान्य नव्हती, हे मात्र आपण विसरतो. एवढ्या अटी पाळूनही गियासुद्दीन तुघलकाच्या काळात (१३२०-१३२५) त्यांना समाबद्दल उलेमांच्या सभेपुढे उत्तर द्यावे लागले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चिश्तींचा समा कधीमधी होई, मौन मात्र रोजचे असे. श्वासावर लक्ष ठेवण्याचा ‘पासे अनफास’, श्वास रोखण्याचा ‘हब्से दम’, एकांतात बसून केलेला ‘मुराकबा’ ही सगळी साधना चिश्तींच्याही घरची होती. सुराने मनाचे दार उघडले तरी आत बसायचे ते मौनातच, अशी ही व्यवस्था दिसते.

बुरहानुद्दीन गरीब यांचे खलिफा जैनुद्दीन शिराजी (रह.) हे आधी मदरशातले आलिम होते. समावर त्यांचा आक्षेप होता आणि शंका फिटल्यावरच ते मुरीद झाले, असे परंपरा सांगते. १३६९ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात १७०७ साली औरंगजेब बादशहाला साध्या कबरीत दफन करण्यात आले. १६६८च्या सुमारास दरबारातले गायन बंद करणाऱ्या बादशहाने अखेरच्या विसाव्यासाठी समा मानणाऱ्या सिलसिल्याची सावली निवडली.

पाणचक्की

बुखारा शहराजवळ गिज्दुवान नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात तिथल्या ख्वाजा अब्दुल खालिक गिज्दुवानी (रह.) यांनी खफी जिक्राचा मार्ग घालून दिला. प्रत्येक श्वासावर सावध राहणे, नजर पावलावर ठेवणे, माणसांच्या गर्दीत राहूनही मनाने एकांतात असणे, असे नियम त्यांच्या नावाने सांगितले जातात. पुढे ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (१३१८-१३८९) यांनी हाच मार्ग धरला. त्यांचे गुरू अमीर कुलाल यांच्या हलक्यात मोठ्याने जिक्र सुरू झाला की ते उठून बाहेर जात, असे सांगतात. गुरूबद्दलचा आदर मात्र त्यांनी सोडला नाही.

याच गिज्दुवानचे बाबा शाह मुसाफिर औरंगजेबाच्या काळात औरंगाबादला येऊन राहिले. त्यांचे पीर बाबा पलंगपोश (मृत्यू १६९९) मोगल लष्कराबरोबर फिरत. शाह मुसाफिर १७१५ साली वारले. त्यांच्या तकियावर डोंगरातून नळाने पाणी आणून पुढे जी चक्की चालवली गेली, तिच्यामुळे त्या जागेला आजचे नाव मिळाले. मौन पाळणाऱ्या सिलसिल्याची जागा आज पाण्याच्या आवाजासाठी ओळखली जाते.

नक्शबंदींचे मौन रिकामे नव्हते, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी आवाज सोडला, पण आधार सोडला नाही. जिक्राची मोजदाद ठेवणे, एका श्वासात ठरलेल्या विषम संख्येने नाव घेणे, हृदयाच्या जागी लक्ष बांधणे हे सगळे आधारच आहेत. मन मोकाट सुटते हे दोन्ही पंथांना माहीत होते. एकाने त्याला सुराने बांधले, दुसऱ्याने श्वासाने.

दिल्लीहून आलेली पत्रे

याच औरंगाबादेत त्याच काळात एक चिश्ती बुजुर्गही होते. त्यांचे नाव निजामुद्दीन औरंगाबादी (मृत्यू १७३०). त्यांचे पीर शाह कलीमुल्लाह (१६५०-१७२९) दिल्लीत राहत आणि पत्रांतून मार्गदर्शन करीत. ती पत्रे पुढे ‘मक्तूबाते कलीमी’ या नावाने संग्रहित झाली. दख्खनच्या लष्करी छावणीत तुराणी सरदारांचा भरणा होता आणि त्यांची श्रद्धा नक्शबंदी पिरांवर होती. अशा ठिकाणी समा आवरता घ्यावा आणि मुराकब्याचा हलका समाच्या हलक्यापेक्षा मोठा ठेवावा, असा शाह कलीमुल्लाह यांचा सल्ला होता. समाच्या अटी पाळणारे लोक आता राहिले नाहीत, ही त्यांची खंत होती.

त्यांनी समा हराम ठरवला नाही आणि आपला सिलसिलाही बदलला नाही. काळ, जागा आणि माणसे पाहून साधन कमी-जास्त केले, इतकेच. उलटे उदाहरण दिल्लीच्या ख्वाजा मीर दर्द (१७२१-१७८५) यांचे. ते स्वतः नक्शबंदी, तरी त्यांच्याकडे संगीताच्या बैठका होत. सिलसिल्याच्या भिंती आपण समजतो तितक्या जाड नव्हत्या.

जात्याचा आवाज

या चर्चेत बायका कुठेच दिसत नाहीत. समाच्या मैफलीत त्यांना जागा नव्हती, मुराकब्याच्या हलक्यातही नव्हती. आणि घरकामातून एकांत तरी कुठून मिळायचा? त्यांच्यासाठी विजापूरच्या चिश्ती परंपरेतल्या सूफींनी सतराव्या शतकात दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, त्यावरून अल्लाहचे स्मरण. देह म्हणजे चरखा, त्याच्या फिरण्याबरोबर जिक्र. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. पहाटे पीठ दळता दळता आपल्या आज्या-पणज्या जे गुणगुणत ते जली होते की खफी, हे कोणी त्यांना विचारले नाही. त्यांच्या हाताला काम होते, ओठांवर नाव होते आणि घरघर हाच त्यांचा ठेका होता.

अट कुठे हरवली?

हा सगळा इतिहास पाहिल्यावर आम्हाला असे वाटते की खरी फूट आवाज आणि मौन यांच्यात नव्हती. ती अट पाळणारे आणि अट सोडणारे यांच्यात होती. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती या समाच्या जुन्या तीन अटी होत. मोबाइलवरच्या जिक्राला त्या लावून पाहाव्यात. यंत्र वेळ पाळत नाही. ते बाजारातही वाजते आणि झोपेतही. त्याला सोबती नसतो. ऐकणाऱ्याचे मन भरकटले तर समाच्या मैफलीत पीर समोर असत. यंत्र मात्र तसेच बोलत राहते. म्हणून ते वाईटच असे आम्ही म्हणत नाही. आजारी, एकाकी, नव्याने शिकणाऱ्या माणसाला त्याचा आधार होतो. पण आपले ओठ आणि मन गप्प ठेवून यंत्राकडून जिक्र करून घेणे याला जलीही म्हणता येणार नाही आणि खफीही नाही. तशीच कसोटी मौनालाही लावावी. दुसऱ्याच्या आवाजाला नाके मुरडत धरलेले मौन म्हणजे नफ्सचाच गोंगाट होय.

अठराव्या शतकातले विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४-१७८६) चिश्ती परंपरेतले होते. औरंगाबादला आल्यावर ते सात वर्षे शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे नक्शबंदींच्या घरी राहिले. खुलताबादच्या बुजुर्गांची चरित्रे सांगणारा ‘रौजतुल औलिया’ त्यांनीच लिहिला. त्यांची कबर खुलताबादेतच, ‘फवाइदुल फुआद’ लिहिणाऱ्या अमीर हसन सिज्जी यांच्या कबरीजवळ आहे. त्यांना दोन्ही जागा परक्या वाटल्या नाहीत.

अबू दाऊद शरीफमधली एक हदीस इथे आठवते. रात्रीच्या नमाजमध्ये हजरत अबू बक्र (रजि.) अगदी हळू पठण करीत, तर हजरत उमर (रजि.) मोठ्याने. प्रेषितांनी (स.) दोघांनाही कारण विचारले आणि दोघांचेही ऐकून घेतले. मग एकाला आवाज थोडा वाढवायला सांगितले आणि दुसऱ्याला थोडा कमी करायला. चूक मात्र कोणाचीच ठरवली नाही.